राघूचं पाणी

सटवाजी मिस्तरीला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवायचं नाही. हे मी त्याच्या माघारी सांगत नाही, तोंडावर पन्नासदा सांगितलं आहे. शेजारच्या शिंप्याला टायफॉइड झाला, सगळी गल्ली मोसंब्या घेऊन त्याच्या उशाशी जाऊन बसली, तर हा आपल्या खाटेवर कण्हत पडला आणि बायकोला म्हणाला, "मला कवा कुणी मोसंबी आणली न्हाई." समोरच्या न्हाव्याच्या बाकड्यावर दुपारची लिंबाची सावली पडायची, याच्या गॅरेजवर पडायची नाही, म्हणून याचं त्या झाडाशी वैर. पुढं ते झाड वठलं तेव्हा सगळ्यात जास्त हळहळला तोही हाच.

मी पार्वतीबाई. लातुरात गोलाईकडून निघालेल्या एका गल्लीत माझी पिठाची गिरणी, तिला लागून सटवाजीचं गॅरेज, मधे नुसता एक पत्रा. गिरणी चालू असली की मला जगातलं काही ऐकू येत नाही, आणि लाइट गेली की शेजारचा उसासासुद्धा ऐकू येतो. त्या काळात लाइट फार जायची. म्हणून या माणसाबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्याच्या जन्मदात्या आईलाही नसेल. माझं बोलणं जाडंभरडं पडतं असं लोक म्हणतात. चाळून घ्यावं.

हात मात्र सोन्याचा, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढं रागाच्या भरात राहून जाईल. जळकोटकडच्या एका वाडीतला हा पोरगा, ट्रकवाल्यांच्या मागं मागं हैदराबादला गेला आणि तिथल्या एका उस्तादाच्या लाथा खात मोटारीचं काम शिकला. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि आत काय दुखतंय ते सांगायचा. लातुरात तेव्हा गॅरेजं काही कमी नव्हती, पण जुन्या मोटारीचं दुखणं असलं की माणसं सटवाजीकडंच यायची.

त्या जुन्या मोटारींत एक होता राघू. मुरुडच्या आप्पासाहेबांच्या वडिलांनी निजामाच्या अमदानीत हैदराबादेहून आणलेली इंग्रजी बनावटीची मोटार. रंग पोपटी, दिवे बटबटीत, म्हणून अख्खा मुलूख तिला राघू म्हणायचा. आप्पासाहेब राहायचे मुरुडला, राघूचा मुक्काम बहुतेक सटवाजीकडं. सटवाजी त्याला रोज पुसायचा. दुसऱ्या कुणी बोनटला बोट लावलं की हा फडकं घेऊन धावायचा. एकदा आप्पासाहेबांच्या जावयानं हौसेनं हॉर्न वाजवला, तर याची दुपारची भाकरी गेली नाही.

आणि त्याची बायको सिंधु. ती धर्माबादची. बापाचा धंदा कुंकू करायचा, हळकुंडं दळून, त्यात चुना घालून. धर्माबादेत निम्मं गाव मराठी बोलतं, निम्मं तेलुगू, सिंधु दोन्ही बोलायची. मी देगलूरची, मलाही तेलुगू येतं. पत्र्याच्या अलीकडं मी, पलीकडं ती, अशा आमच्या तेलुगूतून गप्पा चालायच्या आणि सटवाजी मधेच ओरडायचा, "माझ्याबद्दल बोलून राहिल्या का?" मी म्हणायची, "हाव, तुमच्याबद्दलच." म्हणजे त्याचा दिवस खराब. बोलायचो आम्ही लोणच्याबद्दल.

सिंधुला राघूचा राग होता आणि ती तो लपवायची नाही. "सवत बाई आसती तर झिंज्या तरी उपटल्या आसत्या अक्का, ह्या पत्र्याचं काय उपटू?" असं म्हणायची. नवऱ्यानं तिला कधी त्या मोटारीत बसवलं नव्हतं. मालकाची गाडी आहे म्हणायचा.

ती लग्न होऊन आली ते बहात्तरच्या दुष्काळात. त्याच वर्षी राघूच्या इंजिनाचं एक बूच सडलं. इंजिनाच्या अंगात पाणी खेळायला पोकळी असते, तिच्या कडेला भोकं असतात आणि ती पत्र्याच्या गोल बुचांनी बंद केलेली असतात, हे सगळं मला पत्र्याआडून ऐकून पाठ झालेलं. तर मागच्या अंगाचं एक बूच गेलं. सटवाजीनं हैदराबादेहून पितळी बूच मागवून बसवलं, असं त्यानं आप्पासाहेबांना सांगितलं, आप्पासाहेबांनी मुरुडला सांगितलं, आणि पुढं दहा वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गोष्ट ऐकावी लागली. "राघूला पितळ बसवलंय मी. मोटार मोडंल, बूच मोडायचं न्हाई."

मग ब्याऐंशी साल उजाडलं. लातूर वेगळा जिल्हा होणार, पंधरा ऑगस्टला होणार, हे पक्कं झालं. ज्याच्या त्याच्या तोंडी कलेक्टर, कचेरी, कोर्ट. आता उस्मानाबादेला खेटे घालायला नकोत म्हणून माणसं खूश. आमच्या भागातल्या लोकांनी त्या दिवशी मिरवणूक काढायची ठरवली आणि पुढं राघू असावा असं आप्पासाहेबांनी स्वतःच सुचवलं. मोटार नव्या माळा घालून, सटवाजी चक्रावर, म्हणजे स्टिअरिंगवर. त्यानं त्या दिवसासाठी सदरा शिवायला टाकला आणि मग न्हाव्यानं कोणता शिवायला टाकला ते बघून आला.

पण पाऊस कुठं होता? आषाढ कोरडा गेला, श्रावणही निम्मा सरला, आभाळ नुसतं पांढरं. नळाला पाणी यायचं ते रडत रडत. बोअरचं पाणी खारट, त्यात डाळ शिजायची नाही. गोडं पाणी एकाच विहिरीला, तिथं घागरींची रांग रस्त्यावर यायची. आणि नेमका त्याच वेळी राघू पाणी प्यायला लागला. सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा, मुरुडला जाऊन येईस्तोवर अर्धा हंडा गायब. सटवाजी त्याच्या तोंडात खारं पाणी घालायचा नाही. आतून गंजतंय म्हणायचा. विहिरीचं गोडं पाणी घालायचा, आणि ते आणायची कोण, तर सिंधु.

"माणसाला घोटभर न्हाई अन् मोटारीला हंडा!" रांगेतल्या बायका सिंधुला ऐकवायच्या. मीही ऐकवलं. का ऐकवू नये? मिरवणुकीच्या पुढं ती मोटार गावाचं पाणी पीत चालली असती तर लोकांनी दगड मारले असते. आप्पासाहेबांनाही ते कळत होतं. त्यांनी निरोप धाडला, गळती सापडून बंद झाली तर राघू मिरवणुकीत, नाहीतर मुरुडला गोठ्यात.

सटवाजी कामाला लागला. होस पाइप काढून पाण्यात बुडवून बघितले, फुगे नाहीत. पट्ट्या आवळल्या. पाण्याचा पंप उतरवला, पुसला, परत चढवला. तेलाची काडी काढून बघितली, तेलात पाणी उतरलं असतं तर ते ताकासारखं झालं असतं, तसं नव्हतं. धुराच्या नळकांड्यापाशी तळवा धरला, ओल नाही. मोटारीखाली वर्तमानपत्रं पसरली, तर त्यांवर एक थेंब पडेना. पाणी जातंय, पण पडत कुठंच नाही. कुठंतरी मुरतंय, एवढंच खरं. शेवटी त्यानं ड्रायव्हर लोकांचा जुना इलाज केला. घरातली हळद आणली आणि मुठीनं रेडिएटरमध्ये सोडली. बारीक भेग असली तर हळद तिच्यात जाऊन बसते आणि गळती बंद होते म्हणतात. सिंधुची हळदीची बरणी रिकामी झाली, राघूचं पाणी पिवळं झालं, आणि गळती होती तशीच राहिली.

आप्पासाहेब आले. तापट माणूस, धोतराचा सोगा हातात धरून बोलायचे. म्हणाले, "मिस्तरी, तुमच्यानं व्हईना. नांदेडाहून वीरभद्रला बलावलंय. त्याच्याकडं पाणी दाबून बघायचा पंप हाय. तुमी दोघं बी बघा. जो गळती काढील त्यो पंधरा तारखेला राघू हाकील, अन् म्होरं बी राघू त्याच्याच हवाली."

सटवाजीचा चेहरा मी पत्र्याच्या फटीतून बघितला. खोटं कशाला बोलू, मला जरा गंमत वाटली. दुसऱ्या क्षणी कीव आली.

वीरभद्र एसटीनं आला. उंच, कपाळाला भस्म, हातात पत्र्याची पेटी. आणि दैव बघा, तो निघाला धर्माबादचा, सिंधुच्या माहेरच्या गल्लीतला. तिला बघताच "सिंधक्का!" म्हणाला, ती "वीरभद्रण्णा!" म्हणाली, आणि दोघांचं तेलुगू असं सुरू झालं की थांबेना. कोण वारलं, कुणाचं लग्न झालं, कुणाच्या विहिरीला पाणी आहे. सिंधु हसत होती. ती एवढी हसते हे मलाही माहीत नव्हतं.

सटवाजी माझ्या गिरणीत आला. "वैनी, काय बोलून राहिलेत?"

"त्याच्या चुलत्याची म्हैस गाभण हाय म्हणत्यात."

"म्हशीवर एवढं हसू येतंय का?"

"अण्णा म्हणती ती त्याला. भाऊ हाय तिचा."

"अण्णा म्हणल्यानं काय हुतंय? मला बी लोक मामा म्हणत्यात."

मी पाठ फिरवून पीठ झाडायला लागले. त्याला हेवा कशाकशाचा होता ते तरी त्याला कुठं सांगता येत होतं? पंप वीरभद्रचा, पेटी त्याची, उंची त्याची, आणि आता बायकोचं हसूही त्याचंच. दोन दिवस दोघं मिस्तरी राघूच्या दोन बाजूंना वाकून काम करत राहिले आणि एकमेकांशी बोलले नाहीत. म्हणजे वीरभद्र बोलायचा, हा उत्तर द्यायचा नाही. सिंधुनं दोघांना चहा दिला तर हा कपातली पातळी बघायचा, कुणाला जास्त दिलाय ते.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. गिरणी बंद. सटवाजी नवा होस पाइप बघायला बाजारात गेला होता. वीरभद्रनं पंपानं पाणी दाबून ठेवलं होतं आणि त्याला इंजिनाच्या मागच्या अंगाला बघायचं होतं, पण धुराच्या नळकांड्याआड डोकं जाईना. त्यानं सिंधुला विचारलं, "अक्का, लहानसा आरसा हाय का?" तिनं तिच्या फणी-करंड्याच्या पेटीतला आरसा आणून दिला. बापानं लग्नात दिलेला, तळहाताएवढा, पितळी काठाचा. तो आरसा तिनं मलाही कधी हाताळू दिला नव्हता.

पुढचं त्यांचं बोलणं तेलुगूत झालं, मी मराठीत सांगते.

वीरभद्रनं आरसा आत धरला आणि म्हणाला, "इथं ओल आहे. गरम इंजिनावर पाणी येतंय अन् जागीच वाळतंय, म्हणून खाली थेंब पडत नाही. पण अक्का, हे लाल काय आहे? हळद तर पिवळी टाकलेली."

सिंधु वाकली. आरशात बघितलं, आणखी वाकून पुन्हा बघितलं. कुंकू करणाऱ्याची लेक ती. हळद लाल कधी होते हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"चुना आहे तिथं," ती म्हणाली.

"इंजिनात चुना?"

मग तिनं सगळं सांगितलं, हळू आवाजात. बहात्तरला ते बूच सडलं तेव्हा हैदराबादेहून काही आलंच नव्हतं. आप्पासाहेबांना तर दुसऱ्या दिवशी मोटार हवी होती. नवऱ्यानं तिला सांगितलं, चुना आणि गूळ कालवून दे. नवी नवरी होती, तिनं कालवून दिला. त्यानं त्याचं ठिगळ त्या भोकावर चेपलं, वरून पत्र्याचा तुकडा, वरून रंग. बूच आलं की बसवू म्हणाला. बूच आलं नाही, ठिगळ टिकलं, आणि पितळाची गोष्ट सांगता सांगता त्याची त्यालाच खरी वाटायला लागली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. म्हणून त्यानं गळती सगळीकडं शोधली आणि तिथं तेवढी शोधली नाही.

वीरभद्रनं आरसा पुसून पुन्हा आत धरला. मी पत्र्याला कान लावून बसले होते. त्याच्या हातात राघू आला होता. एक शब्द आप्पासाहेबांच्या कानावर घातला असता की चक्र त्याचं, मोटार त्याची, आणि सटवाजी लातुरातला खोटारडा मिस्तरी.

"त्यांचं नाव जाईल," सिंधु म्हणाली. मग शेवटचं वाक्य म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत सांगते. "एवरिकी चेप्पकु, अन्ना." कुणाला सांगू नको.

आणि सटवाजी दारात उभा होता.

एवढं तेलुगू त्याला येत होतं. सिंधु मला चोरून लोणचं द्यायची तेव्हा हेच म्हणायची, ते ऐकून ऐकून त्याला अर्थ ठाऊक झाला होता. त्यानं काय बघितलं? दुपारची वेळ, बायको आणि परका माणूस एका बोनटवर वाकलेले, त्याच्या हातात तिचा आरसा, आणि तिच्या तोंडी कुणाला सांगू नको. त्यानं पुढं होऊन आरसा हिसकला. आरसा निसटला, फरशीवर पडला आणि त्याला आडवी चीर गेली.

"आरसा बी दिलास?" एवढंच तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

सिंधुचे ओठ हलले. सांगायचं तर वीरभद्रच्या देखत सांगावं लागणार होतं, की तुमची चोरी याला कळली. तिनं खाली वाकून आरसा उचलला. मी पत्रा बडवून सांगणार होते, तेवढ्यात आप्पासाहेबांची हाक आली. बाहेर टांग्यातून उतरत होते.

"काय वीरभद्र, निघाली का गळती?"

वीरभद्रनं हात पुसले, पंप पेटीत ठेवला. "न्हाई मालक. माझ्यानं न्हाई हुत. जुनी गाडी हाय, तिची नाडी ह्या मिस्तरीलाच ठावं. त्येंच्याच हातून निघंल."

"मंग नांदेडाहून इथवर काय चहा प्यायला आलता?" आप्पासाहेब भडकले. गल्ली जमली, लोक हसले. वीरभद्रनं ते खाली मान घालून ऐकून घेतलं.

आणि आमचा सटवाजी! जिंकल्यासारखा पुढं झाला आणि चारचौघांत म्हणाला, "नांदेडचा पंप नांदेडातच चालतोय, मालक. ह्येंचं ध्यान गाडीत कवा व्हतं?" मला वाटलं, उठावं आणि त्याच्या तोंडात मूठभर पीठ कोंबावं. वीरभद्र पेटी उचलून निघाला. जाताना सिंधुकडं बघितलंही नाही, आणि ते बरं केलं.

संध्याकाळपर्यंत सटवाजीनं बायकोशी तोंड उघडलं नाही. ती भाकऱ्या थापत होती, हा उंबऱ्यात पाठ करून बसलेला. मग तोच म्हणाला, "धर्माबादला जायचं आसंल तर जा. मी आडवणार न्हाई."

तिनं तवा खाली उतरवला. चिरलेला आरसा त्याच्यापुढं ठेवला. "ह्यो घ्या. धुराच्या नळकांड्याच्या मागं धरा अन् काय दिसतंय ते बघा. मंग मला कुठं धाडायचं ते धाडा."

तो गॅरेजात गेला. मी फटीपाशी होतेच, कशाला लपवू. त्यानं बॅटरी पेटवली, वाकला, आरसा आत सरकवला. बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग सरळ झाला आणि पेट्रोलच्या डब्यावर बसला. त्यानं सासऱ्याच्या घरी लग्नात कुंकू होताना बघितलं होतं. लाल म्हणजे चुना, आणि चुना म्हणजे कोण, हे त्याला कळायला वेळ लागला नाही.

सिंधु दारात येऊन उभी राहिली.

"त्यानं बघितलं?" यानं विचारलं.

"बघितलं."

"तू सांगितलंस?"

"त्यानं इचारलं. मी सांगितलं. अन् म्हणलं, कुणाला सांगू नको."

"मंग?"

"मंग काय? तुमच्यापुढंच तर त्यो म्हणला, माझ्यानं न्हाई हुत."

मला वाटलं आता हा तिची माफी मागेल. कशाचं! तो उठला आणि डब्याला लाथ मारली. "त्याच्या बापाचं काय खाल्लं व्हतं मी? सांगायचं हुतं त्यानं! हुशार हाय म्हणला आसता तर गिळलं आसतं मी. पंप हाय, पेटी हाय, गिळलं आसतं. ह्ये कसं गिळू? सगळ्या गल्लीपुढं त्यानं माझ्यापायी शिव्या खाल्ल्या अन् मी वर त्याला बोललो!" मग त्याचा आवाज फाटला. सिंधुनं त्याच्या खांद्याला हात लावला नाही. तिचाही राग गेला नव्हता, आणि का जावा? डोळे पुसून त्यानं आरशाची चीर अंगठ्यानं चाचपली आणि तो तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तो कासाराकडं जाऊन पितळेची गोल चकती घडवून घेऊन आला. नळकांडं उतरवलं, जुनं ठिगळ खरवडलं, भोक घासून चकती ठोकून बसवली. या वेळी खरंच पितळ. राघू मुरुडला जाऊन आला, रेडिएटर होता तसा भरलेला. आप्पासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, चावी हातात दिली. याच्या तोंडावर एवढंसंही हसू नाही. आप्पासाहेबांना वाटलं, उन्हानं तोंड उतरलं असेल.

पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. झेंडावंदन झालं, मग मिरवणूक निघाली. ऊन मे महिन्यासारखं, धूळ डोळ्यांत, तरी माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना. ढोल, लेझीम, आणि पुढं झेंडूच्या माळा घातलेला राघू. चक्रावर नव्या सदऱ्यातला सटवाजी, मागं आप्पासाहेब फेटा बांधून. मी आणि सिंधु गोलाईपाशी उभ्या होतो. आणि आमच्यापासून चार माणसं सोडून, गर्दीत सगळ्यांच्या वर डोकं निघालेलं, भस्म लावलेलं. जिल्ह्याची मिरवणूक बघायला वीरभद्र आला होता. सिंधुनं त्याला बघितलं आणि पदर सावरून नजर दुसरीकडं केली. मी बघितलं. आणि सटवाजीनंही बघितलं.

राघू थांबला. मागचे ढोल थांबले. सटवाजी खाली उतरला आणि त्यानं बोनट उघडलं.

"आरं काय झालं? पुन्हा पाणी?" आप्पासाहेब ओरडले. लोकांत कुजबुज सुरू झाली. सिंधुनं माझा दंड धरला.

सटवाजी गर्दीकडं वळला. "वीरभद्र मिस्तरी! जरा बघता का?"

मिस्तरी लोकांत ही गोष्ट किती मोठी आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. दुसऱ्या मिस्तरीला आपल्या हातची गाडी बघ म्हणणं, आणि तेही चारचौघांत, त्यापेक्षा माणूस विहिरीत उडी टाकेल. वीरभद्र पुढं आला, वाकला. इंजिन ठीक होतं. पाणी ठीक होतं. त्यानं वर बघितलं, सटवाजीच्या तोंडाकडं.

"मालक," सटवाजी मोठ्यानं म्हणाला, "ह्या जागी पितळ बसवलंय म्हणून मी धा वर्सं सांगितलं. न्हवतं बसवलं. चुना अन् गूळ व्हता. गळती तिथनंच हुती, अन् ती ह्या मिस्तरीनं काढली. माझी इज्जत जाऊ नये म्हून त्यो गप बसला."

ढोलवाल्यानं टिपरी खाली घेतली. आप्पासाहेबांचा चेहरा फेट्यासारखा लाल. आता हे भर रस्त्यात सटवाजीचा पाणउतारा करणार, असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत वीरभद्र बोलला.

"धा वर्सं?" तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "चुन्यावर धा वर्सं इंजिन चाललं? मालक, आमच्या नांदेडात पितळ बी एवढं टिकत न्हाई. ह्या मिस्तरीला म्हणावं, तुमचा चुना मला शिकवा."

एक जण हसला, मग सगळे हसले. आप्पासाहेबांना हसावं की रागवावं कळेना, शेवटी तेही हसले. "गाढवा," एवढंच ते सटवाजीला म्हणाले. सटवाजीनं बोनट लावलं, चावी वीरभद्रच्या हातात दिली आणि स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसला. ढोल पुन्हा सुरू झाले. राघू गोलाईला वळसा घालून गेला. मी बघत होते, वीरभद्र क्लच दाबत होता आणि बाजूला बसलेल्या सटवाजीचा पाय रिकाम्या जागी आपोआप दाबला जात होता.

संध्याकाळी आम्ही तिघं गॅरेजपुढं बसलो होतो. वीरभद्र राघूची चावी सटवाजीच्या हातात परत ठेवून नांदेडच्या एसटीनं गेला होता. सटवाजी जमिनीकडं बघत म्हणाला, "बघितलं वैनी? माफी मागाया गेलो, तर तिथं बी त्यानंच बाजी मारली."

"हाव," मी म्हणाले.

"गिअर लई झटक्यानं टाकतोय पर त्यो."

सिंधु हसली नाही. थोड्या वेळानं हाच पुन्हा म्हणाला, आवाज खाली करून, "त्याच्या जाग्यावर मी आसतो ना, तर मुरुडपासून नांदेडपर्यंत बोंबलून सांगितलं आसतं."

"ठावं हाय मला," सिंधु म्हणाली. "म्हून तर त्याला म्हणू शकले मी, सांगू नको म्हणून. त्याच्या जाग्यावर तुमी आसता तर म्हणले बी नसते."

सटवाजी उठला. राघूपाशी गेला, रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत बघितलं. पाणी होतं तेवढंच होतं.